पंपवाल्याचा अर्धा कप

“तुझे बाबा कप अर्धाच भरतात हल्ली. आलंय का तुझ्या लक्षात?”

शिवणकाकूंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे वाक्य ओठांच्या एका कडेने बाहेर पडलं. ती त्यांच्यासमोर स्टुलावर उभी होती. ड्रेसचा घेर खालून उसवला होता आणि काकू गुडघ्यांवर बसून तो पुन्हा दुमडत होत्या. तिचा एक डोळा आरशात होता, दुसरा खाली, जिथे तिची मुलगी शिलाई मशीनच्या पायट्याशी काहीतरी उद्योग करत बसली होती.

“चहा कमी केलाय त्यांनी, काकू. बरंच आहे की. भुंगे! काय आहे तोंडात? काढ आधी!”

भुंगीच्या तोंडात कापडावर खुणा करायचा खडू होता.

“चहा कमी केला असता तर एकदाच घेतला असता,” काकू म्हणाल्या. “ते अर्धा अर्धा करून चारदा घेतात. परवा इथे बसले होते. किटली दोन्ही हातांनी उचलली. माणसांचे हात बघण्यात जन्म गेलाय माझा, म्हणून सांगते.”

“वय झालं हो त्यांचं.”

“वय काय एकट्या उजव्या हातालाच होतं?”

पण तोवर ती स्टुलावरून खाली उतरली होती. भुंगीचा मोर्चा आता टाचण्यांच्या डबीकडे वळला होता. डबी उचलून कपाटावर ठेवली, तोंडातून खडूचा तुकडा काढला, गिळला तर नाही ना म्हणून जीभ बाहेर काढून बघितली. या सगळ्यात काकूंचं बोलणं तिथेच राहून गेलं.

आता ती काही निष्काळजी बाई नव्हती. उलट काळजी हा तिचा पूर्णवेळ धंदा झाला होता. मुलगी झाल्यापासून ती गाढ अशी झोपलीच नव्हती. द्राक्षाचे चार तुकडे करायची. अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायची. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने फोम चिकटवला होता. नवरा रात्रपाळीहून यायचा आणि बूट काढता काढता म्हणायचा, “टेबलांनासुद्धा टोपडी घातलीस. मलाही एक शिवून घे काकूंकडून, येता-जाता डोकं आपटतं माझं.” ती हसायची नाही. हसायलाही ताकद लागते.

घर बाबांचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशी घातलेली मोकळी जागा, आणि तिच्या टोकाला पत्र्याची शेड. आई गेली आणि वर्षभरात भुंगी झाली, तेव्हा नवऱ्यानेच विषय काढला होता, “बाबा एकटे, तू एकटी. माझी पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. एकत्र राहू की.” तेव्हापासून ते तिघं इथे होते. ती मुलीला सांभाळायची, आणि सगळ्यांची अशी समजूत होती की ती बाबांनाही सांभाळते.

बाबा पेट्रोल पंपावर कामाला होते. तरुणपणी नोझल हातात घेतलं ते निवृत्त होईपर्यंत. उन्हात उभं राहायचं, गाडी आली की टाकीचं झाकण उघडायचं, बाजूचा दांडा फिरवून आकडे शून्यावर आणायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, “झिरो बघून घ्या, साहेब.” मग आकड्यांची चाकं फिरायची आणि लिटर भरला की आतली घंटा वाजायची, टिंग. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी चहा ओततानाही रिकामा कप ते आईसमोर धरायचे. “झिरो बघून घ्या, बाईसाहेब.” आणि मग काठोकाठ भरायचे. माप कमी पडलं म्हणून कुणी बोट दाखवलेलं त्यांना खपायचं नाही.

पुढे पंपावर काचेची, उजेडाच्या आकड्यांची यंत्रं आली. जुनी यंत्रं मागच्या भिंतीशी गवतात फेकली गेली. त्यातलं एक बाबांनी भंगाराच्या भावात मागून घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. आईने दारातच कपाळावर हात मारला होता. “जन्मभर पंपाशी उभे राहिलात, ते कमी पडलं म्हणून तो घरी आणलात?”

“आता तो उभा राहील,” बाबा म्हणाले होते, “आणि मी बसेन.”

बसले मात्र नाहीत. तो पंप त्यांनी पुन्हा उभा केला, मग कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशॉपमधला दुसरा आणला, मग कुणाच्या तरी शेतातला तिसरा, ज्याच्या पोटात मधमाश्यांचं पोळं निघालं. आई गेल्यावर तर त्यांचा दिवस शेडमध्येच उगवायचा आणि तिथेच मावळायचा. गंजलेले स्क्रू तेलात भिजत ठेवायचे. पत्र्याचा पोचा आतून लाकडी हातोडीने हळूहळू बाहेर काढायचा. पण खरं काम रंगाचं. प्रत्येक मालकाने जुन्यावर नवा रंग फासलेला असायचा. तारेचा ब्रश आणि काचपेपर घेऊन बाबा एकेक थर उतरवायचे आणि तिला बोलावून दाखवायचे. “हा बघ, लाल मुलाचा. त्याच्याखाली हिरवा बापाचा. आणि हा पिवळा, हा आजोबाचा. आजोबाचा रंग कसा चिवट आहे बघ, सुटायला तयार नाही.”

ते पंप त्यांनी कधी विकले नाहीत. पेट्रोल भरायचं नाही, विकायचे नाहीत, मग करायचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “वाजवायचे.” दांडा फिरवला की आकडे फिरत आणि घंटा वाजे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती टिंग ऐकू आली की तिला बरं वाटायचं. बाबा आहेत, ठीक आहेत, कामात आहेत. एका माणसाकडे तरी बघावं लागत नाही.

मग एका दुपारी भुंगी तिच्या मांडीवर झोपली होती आणि ती हात न हलवता फोनवर वाचत होती. जुन्या तेलरंगांत शिसं असतं. घासलं की त्याची धूळ होते. लहान मुलांच्या मेंदूला ती घातक. खिडकीतून शेड दिसत होती, शेडच्या उघड्या दारातून येणारी पिवळसर भुकटी दिसत होती, आणि दारासमोरच्या दोरीवर भुंगीचे इवलेसे कपडे वाळत होते.

ती मुलीला तशीच खाली टाकून धावली.

“बाबा, थांबवा ते! आत्ताच्या आत्ता!”

“काय झालं गं? पोरगी पडली का?”

“त्या रंगात शिसं आहे. विष असतं ते, बाबा. भुंगीचे कपडे इथे वाळतायत, ती इथे रांगते, सगळं तोंडात घालते...”

बाबांनी ब्रश खाली ठेवला. तळहाताकडे बघितलं. मग दोरीकडे.

“मग सोडून देतो,” ते म्हणाले. “त्यात काय एवढं.”

ते इतक्या पटकन म्हणाले की तिलाच कसंतरी झालं. आई गेल्यानंतर हा माणूस रोज सकाळी दाढी करत होता तो या शेडमध्ये यायला म्हणून. ते हातातून काढून घ्यायचं?

“सोडू नका हो. फक्त दार लावून घासा. खिडकीही लावा. धूळ बाहेर नाही आली म्हणजे झालं.”

“नाही येणार,” बाबा म्हणाले.

आणि नाही आली. पंपावर आगकाडी नाही म्हणजे नाही, या शिस्तीत वाढलेला तो माणूस. नियम एकदा कळला की त्यात पळवाट शोधणं त्यांना माहीत नव्हतं. घासायला घेतलं की ते शेडचं दार आतून लावायचे, खिडकी बंद करायचे. पत्र्याच्या फटींत त्यांनी जुन्या कपड्यांच्या चिंध्या कोंबल्या. कामाचे कपडे शेडमध्येच काढून ठेवायचे, मागच्या नळावर डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ करायचे, मग घरात पाऊल. रंगवून वाळलेला, धुऊन बाहेर फरशीवर आणून ठेवलेला पंप तेवढा भुंगीने हाताळायचा. तिची तीनचाकी घेऊन ती तिथे पेट्रोल भरायला जायची आणि बाबा कमरेत वाकून म्हणायचे, “झिरो बघून घ्या, मॅडम.”

तरीही तिने भुंगीचं रक्त तपासून घेतलं. सुई टोचणाऱ्या मुलीने सहज विचारलं, “घरात अजून कुणाचं करायचंय का?”

“नाही, नाही. धोका लहान मुलांनाच असतो ना.”

अहवाल चांगला आला. ती जिन्यातच बसून रडली, लोक बाजूने वाट काढून जात होते. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, “झिरो बघून घेतलास ना नीट?”

“अगदी झिरो नाही, पण त्याच्या जवळच. काळजीचं काही नाही म्हणाले.”

“मग झालं तर.” ते हसले, आणि हसता हसता डाव्या हाताने पोट दाबून धरलं.

“काय झालं?”

“गॅस. मला काय धाड भरलीय!”

त्या एका वाक्यावर तिने पुढचे कित्येक महिने काढले. बाबा जेवताना पानात टाकू लागले, तिला वाटलं वयोमानाने भूक कमी होते. चार दिवस पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरले, तिने भाज्या वाढवल्या. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस दुधाच्या पिशवीवरून दुकानदारावर खेकसला, तर तिला वाटलं, आईची आठवण येत असेल. गॅसवर चहा ठेवून विसरले. भांडं करपलं. तिने भांडं घासलं आणि त्यांचं गॅस वापरणं बंद केलं, कारण घरात लहान मूल आहे. शेडचं दार बंद असल्यामुळे आतली टिंग आता ऐकू येत नव्हती. पण त्याचीही सवय होते.

एकच गोष्ट तिला लागली होती. बाबा भुंगीला उचलेनासे झाले होते.

पूर्वी नळावरची अंघोळ झाली की ते ओल्या केसांनी यायचे आणि नातीला थेट खांद्यावर घ्यायचे. आता खुर्चीत बसून म्हणायचे, “ये, तूच चढ.” तिने नवऱ्याकडे तक्रारही केली. “कंटाळले बहुतेक तिला. लोकांचे आजोबा बघ कसे असतात.”

“दमत असतील गं.”

“दमायला काय झालं? मी नाही दमत?”

नवऱ्याने भुंगीला उचलून बाहेर नेलं.

तो दिवस तसा काही वेगळा नव्हता. आदली रात्र भुंगीने सुळ्याच्या नावाने रडून काढली होती. दुपार टळत आली होती, ओट्यावर भांड्यांचा ढीग होता. बाबा नळावरून आले. भुंगी दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे धावली. “घे! आजो, घे!”

बाबांनी दोन्ही हात खिशात घातले.

भुंगी त्यांच्या पायाशी उभी राहिली, टाचा उंचावल्या, पुन्हा हात वर केले. मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला आणि तिने जमिनीवर बसून भोकाड पसरलं.

भुंगीच्या आईच्या हातातली ताटली ओट्यावर आपटली गेली. “एवढंही होत नाही का तुमच्याने? दिवसभर त्या लोखंडाला कुरवाळत बसता, आणि हिला क्षणभर घ्यायचं तर हात खिशात? आजोबा ना तुम्ही तिचे?”

“अगं...”

“नको असेल तर सांगा तसं. आम्ही वेगळं बघतो.”

भुंगीचं रडणं तेवढं चालू होतं.

“पाडली तर?” ते म्हणाले.

“काय?”

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि समोर धरला. दंड वर आला, कोपर वर आलं, आणि मनगटापासून पुढचा पंजा तसाच खाली लोंबत राहिला, अडकवणीवरून निसटलेल्या नोझलसारखा. त्यांनी जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. बोटं हलली, पण पंजा वर आला नाही.

“दुसरा चांगला आहे,” ते घाईघाईने म्हणाले. “ब्रश डाव्याने धरतो मी. चहाचंही जमतं, कप अर्धा भरला की.”

“कधीपासून?” तिने विचारलं.

“झाले की दिवस. आधी नुसता मुंग्या आल्यासारखा व्हायचा.”

“मला का नाही सांगितलं?”

बाबांनी खाली रडणाऱ्या भुंगीकडे बघितलं, ओट्यावरच्या ढिगाकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे.

“तू दमलेली असतेस गं, बाळ.”

डॉक्टर तरुण होते, खालमानेने लिहिणारे. हात उलटसुलट करून बघितला, पोट दाबलं, खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. मग विचारलं, “काम काय करता, बाबा?”

“पंपावर होतो. आता नाही.”

“आता घरी काय करता?”

बाबांचा चेहरा उजळला. जुने पंप, त्यांचे पोचे, त्यांचे रंग, सगळं सांगून झालं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं होतं.

“रंग खरवडता? कोरडाच?”

“ओला केला की गंज धरतो ना पत्रा.”

“तोंडाला काही बांधता?”

“चष्म्यावर वाफ धरते हो. दिसत नाही मग.”

“आणि जागा कशी आहे? हवा खेळती आहे का?”

“छे!” बाबा खुर्चीत ताठ बसले. “एकदम बंद. दार, खिडकी, सगळं. फटीत चिंध्यासुद्धा कोंबल्यात मी. घरात लहान मूल आहे ना. कण बाहेर जाऊ देत नाही.”

आणि चांगलं काम केलेल्या माणसासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

तिने नजर खाली वळवली. समोर डॉक्टरांच्या टेबलाचा कोपरा होता, टोकदार, उघडा.

रक्ताचा अहवाल यायच्या आधीच तिला तो माहीत होता. भुंगीच्या अहवालात ज्या रकान्यात टिचभर आकडा होता, त्याच रकान्यात बाबांचा आकडा बघून डॉक्टरांनी लगेच मोठ्या रुग्णालयात फोन लावला. मग सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा रक्त, पुन्हा सलाईन. शरीरात मुरलेलं शिसं सावकाश निघतं म्हणे. हाडांत बसलेलं तर फारच सावकाश. हात किती परत येईल यावर डॉक्टर म्हणाले, “येईल. थोडा येईल. किती ते आत्ता नाही सांगता येणार.” शेड मात्र कायमची बंद.

तिने एकदाच विषय काढला. रुग्णालयात बाबांना सफरचंदाच्या फोडी करून देताना, आणि त्यांच्याकडे न बघता.

“दार लावायला मीच सांगितलं होतं.”

“मग? बरोबरच सांगितलंस,” बाबा म्हणाले. “पोरीला काही झालं का? नाही ना? झिरो.” त्यांनी डाव्या हाताने एक फोड उचलली, उलटसुलट करून बघितली. “हे काय, चार तुकडे केलेस? मला दात आहेत अजून.”

ती हसली. फार दिवसांनी हसल्यामुळे ते रडण्यासारखं निघालं.

बाबा घरी आल्यावर नवऱ्याने नाक-तोंड झाकणारा मुखवटा आणून, सगळं पाण्याने भिजवून शेड पुसून काढली. चिंध्या पिशवीत बांधून नेल्या. शेवटचा पंप आत तसाच राहिला, अर्धा उघडा पत्रा, अर्ध्यावर आजोबाचा तो चिवट पिवळा. त्याच्यावर ताडपत्री घातली आणि दाराला कुलूप लावलं. त्यातली घंटा तेवढी नवऱ्याने काढून, नळाखाली धुऊन, मागच्या दाराच्या चौकटीला बसवली.

“बाबा, जाता-येता वाजवायची. हिला कळायला हवं तुम्ही कुठे आहात ते.”

“मी काय मांजर आहे?”

“टेबलांना टोपडी आहेत या घरात. तुम्हाला घंटा. माझा नंबर कधी लागतोय बघतोय.”

बाबा आता दुपारी मागच्या फरशीवर खुर्ची टाकून बसतात. खुर्चीच्या हातावर मनगट टेकवून पंजा उचलायचा व्यायाम करतात. भुंगी समोर उभी राहून हुकूम सोडते, “वर! आजो, वर!” पंजा थरथरतो, जरासा वर येतो, पडतो. कुलूप लावलेल्या शेडकडे बघत नाहीत असं ते दाखवतात. तीही बघितलं नाही असं दाखवते.

एक दिवस शिवणकाकू आल्या होत्या. ड्रेस शिवून कधीचा पडला होता, तो द्यायच्या निमित्ताने. ती चहा गाळायला उठली तर बाबा म्हणाले, “थांब, मी ओततो.”

“बाबा, गरम आहे.”

“ओतू दे त्यांना,” काकू म्हणाल्या.

बाबांनी एक रिकामा कप काकूंपुढे तिरका धरला. “झिरो बघून घ्या, बाई.”

“बघितला हो, पंपवाले. भरा आता.”

डाव्या हाताने त्यांनी किटली उचलली. उजवा पंजा खालून आधाराला लावला, लावला म्हणजे ठेवला. चहाची धार हलली, कपात पडली. अर्ध्यावर आली तरी ते थांबले नाहीत. काठ आला, काठावरून चहा बशीत उतरला, बशीतून टेबलावर, आणि फोम लावलेल्या कोपऱ्यावरून खाली थेंब थेंब ठिबकायला लागला. फडकं तिच्या हातात होतं. तिने ते पुढे केलं नाही. काकूंनी बशीसकट कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “माप पुरेपूर आहे.”

हल्ली ती भेटेल त्याला हे सांगते. बागेत इतर मुलांच्या आयांना, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शिशाबद्दल सांगतेय. तुम्हालाही तसं वाटलं असेल. शिसं विसरलात तरी चालेल, असं ती म्हणते. पण तुमच्या घरात, मागच्या खोलीत, नाहीतर एखाद्या फोनच्या पलीकडे कुणीतरी असेलच, मला काय धाड भरलीय म्हणणारं. आज त्यांच्याकडे जा. घाईत असाल तरी बसा. त्यांच्या हातचा चहा मागा, आणि ओतताना कपाकडे बघा.